जिंकल्यावरही एवढी फौज कशाला? सोव्हिएत लष्कर आणि त्याचे शेजारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसरं महायुद्ध जिंकल्यावर सोव्हिएत रशियाने एवढी अवाढव्य फौज का ठेवली? एवढी ताकद हाताशी असून एकाही शेजाऱ्याशी त्याचं धड का जमलं नाही? आणि चीनशी १९६९ मध्ये गोळीबार झाला होता, मग आज एवढं गूळपीठ कसं?

हे तीन प्रश्न वाटतात, पण माझ्या मते मुळात एकच आहे. १९४५ नंतर मॉस्कोने मनाशी ठरवलं की पुढचं युद्ध आपल्या भूमीवर होऊ द्यायचं नाही. आता आपल्या भूमीवर नाही म्हणजे कुणाच्या तरी भूमीवर, आणि तो कुणीतरी म्हणजे शेजारी. सैन्याची रचना, रणगाड्याचा आकार, तळ, करारमदार हे सगळं त्या एका निर्णयातून निघालं. ज्या शेजाऱ्याच्या अंगणात लढाई होणार होती, तो दोस्त असला तरी निवांत झोपणार कसा?

माझी नोकरी रणगाड्यांवर गेली. टी-५५ वर शिकलो, पुढे नगरला टी-७२ शिकवला, आणि निवृत्तीनंतर सोव्हिएत लष्करी इतिहास वाचण्याचा नाद लागला तो आजतागायत. त्यामुळे माझं उत्तर यंत्राकडून राजकारणाकडे जाणारं आहे. परराष्ट्र खात्यातला माणूस ते उलट दिशेने सांगेल आणि तेही चूक नसेल. शिवाय उत्तर पुष्कळसं तुम्ही कोणतं दशक आणि कोणता शेजारी धरता यावर अवलंबून आहे. १९४६ चा तुर्कस्तान आणि १९५६ चा फिनलंड यांना एकच नियम लावला तर हाती काही लागणार नाही.

सुरुवात २२ जून १९४१ पासूनच करावी लागते. त्या दिवशी जर्मन फौजा घुसल्या आणि आठवड्याभरात मिन्स्क पडलं. डिसेंबरात शत्रू मॉस्कोच्या वेशीवर होता. युद्ध संपेपर्यंत सुमारे २ कोटी ६६ लाख सोव्हिएत माणसं गेली. पुढची चार दशकं ज्यांनी सोव्हिएत लष्कर चालवलं ते बहुतेक सगळे त्या उन्हाळ्यातून वाचलेले अधिकारी होते. अचानक होणारा हल्ला हा त्यांच्यासाठी लष्करी शाळेतला धडा नव्हता, त्यांनी तो भोगला होता.

तरीही फौज सतत फुगतच गेली, असं नाही. तेव्हाचा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याने जानेवारी १९६० मध्ये सुप्रीम सोव्हिएतपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, जे आकडे ठेवले त्यानुसार १९४५ मध्ये १ कोटी १३ लाखांच्या घरात असलेलं सैन्य १९४८ पर्यंत २८ लाख ७४ हजारांवर आलं होतं. शेतं ओस पडली होती, कारखान्यांना माणसं हवी होती. मग शीतयुद्ध तापलं, कोरियाचं युद्ध झालं, आणि १९५५ मध्ये आकडा ५७ लाख ६३ हजारांवर पोचला. १९६० मध्ये तो ३६ लाख २३ हजार होता आणि ख्रुश्चेव्ह त्यातले आणखी १२ लाख कमी करायला निघाला होता. त्याचा हिशेब साधा होता. १९४९ मध्ये अणुचाचणी झाली होती, १९५७ मध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्र उडालं होतं, डिसेंबर १९५९ मध्ये क्षेपणास्त्रांसाठी वेगळं दलच उभं केलं होतं. मग एवढे सैनिक पोसायचे कशाला? सेनापतींना हे अजिबात रुचलं नाही, आणि १९६१ मध्ये बर्लिनचा पेच उभा राहताच कपात थांबली. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्हची सत्ता गेली आणि ब्रेझनेव्हच्या काळात रणगाडेही हवेत, क्षेपणास्त्रंही हवीत, आरमारही हवं, असं सगळंच सुरू झालं. अर्थव्यवस्थेला ते झेपणारं नव्हतं, पण तो वेगळा विषय.

आता जरा रणगाड्याकडे या, कारण इथे गोष्ट डोळ्यांना दिसते.

टी-७२ शेजारी सेंच्युरियन उभा करा. ब्रिटिश सेंच्युरियन उंच, ऐसपैस, चार माणसांचा. टी-७२ त्याच्यापुढे बसका. वजन ४१ टनांच्या आसपास आणि आत माणसं तीनच, कारण गोळा भरणारा चौथा माणूस काढून त्याच्या जागी यंत्र बसवलंय. मनोऱ्याच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, तळाशी गोल फिरणाऱ्या चकतीत २२ गोळे आडवे मांडलेले असतात. माणूस कमी झाला की आतली जागा कमी, जागा कमी झाली की चिलखत कमी लागतं, आणि गाडी बुटकी होऊन सपाट मैदानावर चटकन नजरेत भरत नाही. उंच पोरांना आत बसवताना आमची त्रेधा उडायची ती याच काटकसरीमुळे.

या बुटकेपणाची किंमत तोफेत मोजावी लागते. सेंच्युरियनची तोफ आडव्या रेषेच्या खाली १० अंश झुकते. टी-७२ ची साधारण ६ अंश. टेकडीच्या मागे दबून, फक्त मनोरा वर काढून खालच्या शत्रूवर मारा करायचा असेल तर हे ४ अंश जीवघेणे ठरतात. टी-७२ ला तोफ खाली लागू करण्यासाठी जास्त वर चढावं लागतं आणि मग अंग उघडं पडतं. प्रशिक्षणात ही गोष्ट आम्ही घोटून घ्यायचो. म्हणजे एका जागी तळ ठोकून उतारावरून बचाव करणं हे या यंत्राचं मुख्य काम आखणाऱ्यांनी धरलंच नव्हतं.

मग धरलं काय होतं? नळी बघा. टी-७२ ला श्वासनळी जोडली की तो ५ मीटर खोल पाण्यात तळावरून चालत नदी पार करतो. बीएमपी ही पायदळाची चिलखती गाडी तर सरळ तरंगते. टी-५५ पासूनच रणगाड्यांत किरणोत्सर्गी धुळीपासून बचावाची यंत्रणा बसवलेली होती. नद्या ओलांडत, अणुस्फोट झालेल्या मुलखातून, न थांबता पुढे जाणारं सैन्य, असा हा सगळा साचा आहे. जर्मनीच्या नकाशावर एल्ब, वेझर आणि ऱ्हाईन या नद्या पश्चिमेकडे जाताना ओळीने आडव्या येतात, ते पाहिलंत की नळीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

इथे एक सावधगिरी. यंत्रावरून हेतू सिद्ध होत नाही. आपल्याच आरमाराचं उदाहरण घ्या. ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएतांनी स्वतःच्या किनाऱ्याचं रक्षण करायला बनवल्या. पल्ला कमी, खुल्या समुद्रात फार लांब जाण्याची त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलाने त्याच निपात, निर्घात आणि वीर या नौका थेट कराचीवर नेल्या. बचावाचं हत्यार एका रात्रीत चढाईचं झालं. म्हणून ‘रणगाडा चढाईचा, म्हणजे मॉस्कोला युरोप गिळायचाच होता’ असं मी म्हणणार नाही. बचाव करायचा, पण तो पुढे घुसून, दुसऱ्याच्या जमिनीवर करायचा, एवढं मात्र या यंत्रांवरून खात्रीने सांगता येतं.

ते दुसरे म्हणजे कोण, हे पूर्व युरोपात सर्वात स्वच्छ दिसतं. हंगेरीशी १९४७ मध्ये शांतता करार झाला. त्यानुसार सोव्हिएत फौजा तिथे राहू शकत होत्या त्या एका कारणासाठी: ऑस्ट्रियातल्या सोव्हिएत सैन्याशी दळणवळण राखायला. १५ मे १९५५ ला ऑस्ट्रियाचा करार झाला, तिथून सैन्य निघणार हे ठरलं, म्हणजे हंगेरीत राहण्याचं कारणच संपलं. वॉर्सा करारावर, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीवर, सह्या कधी झाल्या? १४ मे १९५५, आदल्या दिवशी. पश्चिम जर्मनी नुकताच नाटोत गेला होता हे त्याचं मोठं कारण होतंच, पण हंगेरीतल्या तळांना नवा आधारही त्यातूनच मिळाला. पुढच्याच वर्षी हंगेरीने या करारातून बाहेर पडतो म्हटलं आणि ४ नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये रणगाडे शिरले. चेकोस्लोव्हाकियात तर ऑगस्ट १९६८ पर्यंत सोव्हिएत फौजेचा कायमचा तळ नव्हता. तो त्या आक्रमणानंतर झाला.

पोलंडचं उदाहरण मला सर्वात बोलकं वाटतं. २००५ मध्ये पोलंडच्या संरक्षणमंत्र्यांनी वॉर्सा कराराच्या काळातले जुने लष्करी नकाशे खुले केले. त्यात १९७९ च्या एका सरावाचा नकाशा होता, सात दिवसांत ऱ्हाईनपर्यंत पोचायचा. त्यात गृहीत असं धरलं होतं की नाटो आधी अणुहल्ला करील, आणि तो व्हिस्चुला नदीच्या पट्ट्यात करील, म्हणजे मागून येणाऱ्या सोव्हिएत फौजा अडतील. व्हिस्चुला पोलंडच्या मधोमध वाहते, वॉर्सा तिच्याच काठावर आहे. म्हणजे दोस्ताची राजधानी भाजून निघेल हे धरूनच योजना पुढे सरकते. पोलिश अधिकारी हे नकाशे बघत नोकरी करत होते. १९८९ नंतर पोलंड नाटोच्या दारात इतक्या घाईने का उभा राहिला, याचं निम्मं उत्तर या नकाशात आहे.

इथवरचं एका दमात: १९४१ ची धास्ती, त्यातून लढाई बाहेर ढकलण्याचं धोरण, त्या धोरणाला साजेशी यंत्रं, आणि त्या यंत्रांखाली आलेले शेजारी. आता प्रश्न उरतो तो ज्यांच्यावर थेट ताबा नव्हता अशा शेजाऱ्यांचा. इथे मला एक ठसा पुन्हा पुन्हा दिसतो. मॉस्कोने तळ मागितला की शेजारी हातचा गेला, आणि तळ सोडला की निदान काही वर्षं तरी टिकला.

तुर्कस्तानचं घ्या. १९४५-४६ मध्ये मॉस्कोने कार्स आणि अर्दहान हे प्रांत मागितले आणि बॉस्फरस-डार्डनेल्स या सामुद्रधुन्यांच्या संरक्षणात वाटा, म्हणजे तिथे तळ मागितला. काळ्या समुद्राचं दार दुसऱ्याच्या हाती असणं हे रशियाचं जुनं दुखणं, ते समजण्यासारखं आहे. पण परिणाम काय? महायुद्धात जवळजवळ शेवटपर्यंत कुंपणावर बसलेला तुर्कस्तान १९५२ मध्ये नाटोत गेला. स्टॅलिन गेल्यावर १९५३ मध्ये मॉस्कोने मागणी सोडली, पण फार उशीर झाला होता. काही वर्षांत अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं तुर्की भूमीवर उभी राहिली आणि क्यूबाच्या पेचात तीच सौद्याचा भाग झाली. इराणमध्ये थोड्याफार फरकाने हेच. ठरलेली मुदत टळूनही १९४६ मध्ये सोव्हिएत सैन्य उत्तर इराणात रेंगाळलं, मे महिन्यात निघालं, आणि १९५५ मध्ये इराण पाश्चात्त्यांच्या बाजूच्या बगदाद करारात दिसला.

फिनलंडची गोष्ट उलट आहे, म्हणून ती मी नेहमी तुर्कस्तानच्या शेजारी ठेवून सांगतो. १९४४ च्या युद्धबंदीत सोव्हिएतांनी हेलसिंकीपासून जेमतेम ३० किलोमीटरवरचा पोर्कला हा भाग ५० वर्षांच्या भाड्याने घेतला होता. पुढे फिनिश रेल्वेगाड्या त्या भागातून जायला लागल्या तेव्हा खिडक्यांवर झडपा ओढल्या जात, प्रवाशांनी बाहेर बघायचं नाही. १९४८ मध्ये मैत्री करार झाला. जर्मनी किंवा तिच्या मित्रांनी फिनलंडमार्गे हल्ला केला तर फिनलंड स्वतः लढेल, असा त्याचा गाभा होता. फिनलंडने त्याची शिस्त इतकी पाळली की मॉस्कोने जानेवारी १९५६ मध्ये पोर्कला मुदतीच्या कितीतरी आधी परत केलं. क्षेपणास्त्रांच्या युगात किनाऱ्यावरच्या तोफांना तशीही फारशी किंमत उरली नव्हती. फिनलंडने मग मिग-२१ घेतली, १९६३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे पहिली मिग-२१ आली त्याच वर्षी. आपल्याकडे पुढे ती नाशिकजवळ ओझरला बनू लागली. फिनलंड मात्र काही शस्त्रं सोव्हिएतांकडून, काही पश्चिमेकडून असा तोल सांभाळत राहिला. हे सुखाचं नव्हतं. १९६१ मध्ये मॉस्कोने खलिता पाठवून लष्करी सल्लामसलतीची मागणी केली तेव्हा हेलसिंकीचं धाबं दणाणलं होतं. पण सैन्य आलं नाही.

जपानबाबत मॉस्कोने १९५६ च्या संयुक्त घोषणेत शांतता करार झाल्यावर शिकोतान आणि हाबोमाई ही बेटं द्यायची तयारी दाखवली होती. १९६० मध्ये अमेरिका-जपान सुरक्षा करार नव्याने झाला आणि मॉस्कोने अट घातली की आधी जपानमधून परदेशी फौजा हटवा. पुढे ओखोत्स्कच्या समुद्रात अण्वस्त्रवाहू पाणबुड्या लपवून ठेवायला सुरुवात झाल्यावर तर कुरील बेटांची ओळ त्या समुद्राची कुंपणभिंत बनली. शांतता करार अजूनही झालेला नाही.

अफगाणिस्तानचं मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर मराठीतही बरंच लिहिलं गेलंय. एवढंच की युरोपच्या मैदानासाठी घडवलेली फौज तिथे डोंगरात सापडली. बीएमपी-१ ची तोफ वर फार उचलली जात नसे आणि गोळ्या येत होत्या कड्यांवरून. बीएमपी-२ ची ३० मिलिमीटरची तोफ उंच मारा करू शकत होती, म्हणून ती तिथे मोलाची ठरली. आपली मेडकला बनलेली सारथ ती हीच गाडी.

आता चीन, तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा.

१९५० चा मैत्री करार झाला, कोरियात सोव्हिएत वैमानिक चिनी-कोरियन खुणा रंगवलेल्या मिग-१५ मधून लढले, टी-५४ चं तंत्रज्ञान चीनला मिळालं आणि त्यातून टाइप-५९ रणगाडा निघाला. हाच रणगाडा पुढे पाकिस्तानात गेला आणि डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत आपल्यासमोर उभा ठाकला. म्हणजे मॉस्कोने एका भावाला दिलेली विद्या फिरत फिरत मॉस्कोच्याच दुसऱ्या मित्राच्या अंगावर आली. १९५५ मध्ये सोव्हिएतांनी चीनमधला पोर्ट आर्थरचा तळ सोडला तेव्हा संबंध उत्तम होते. १९५८ मध्ये त्यांनी चिनी किनाऱ्यावर पाणबुड्यांसाठी संयुक्त रेडिओ केंद्र आणि संयुक्त पाणबुडी दल सुचवलं. माओ भडकला. पुन्हा तीच तळाची मागणी. विचारसरणीचे वाद, नेतृत्वाची चढाओढ, अणुबॉम्बचं तंत्र न देणं ही कारणंही होतीच, त्यांना मी कमी लेखत नाही. १९६० मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ बाडबिस्तरा आवरून परतले.

मार्च १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीतल्या दमान्स्की बेटावर, चिनी नाव झेनबाओ, दोन मोठ्या चकमकी झाल्या, २ तारखेला आणि १५ तारखेला. १५ तारखेला सोव्हिएत टी-६२ रणगाडे गोठलेल्या नदीवरून बेटाला वळसा घालायला निघाले. पुढचा टी-६२ चिनी माऱ्यात निकामी झाला आणि आत बसलेला सीमादलाचा कर्नल मारला गेला. रणगाडा बर्फावर तसाच अडकला. त्यात त्या काळची नवी ११५ मिलिमीटरची गुळगुळीत नळीची तोफ होती, ती चिन्यांच्या हाती पडू नये म्हणून सोव्हिएतांनी त्यावर मारा केला. बर्फ फुटला, रणगाडा नदीत गेला. चिन्यांनी तो नंतर बाहेर काढला, उलगडून अभ्यासला, आणि आज तो बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात उभा आहे.

त्यानंतर मॉस्कोला दोन आघाड्या सांभाळाव्या लागल्या. चीनच्या सीमेवरची फौज वाढतच गेली, मंगोलियात डिव्हिजन बसल्या. सायबेरियाचा जुना रेल्वेमार्ग सीमेला चिकटून जातो, म्हणून उत्तरेकडून समांतर जाणाऱ्या बैकाल-अमूर मार्गाचं काम १९७४ मध्ये जोरात सुरू झालं. तो मार्ग खनिजांसाठी होताच, पण चिनी तोफांपासून लांब असणं हाही त्याचा मोठा गुण होता. एवढा खर्च करून चीन वाकला नाही. उलट १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला पोचला.

मग जमलं कसं? गोर्बाचेव्हने जुलै १९८६ मध्ये व्लादिवोस्तोकच्या भाषणात मंगोलियातून आणि अफगाणिस्तानातून फौज मागे घेण्याची बोली केली, नदीतली सीमा मुख्य प्रवाहाच्या मधोमध धरायला तयारी दाखवली. मे १९८९ मध्ये तो बीजिंगला गेला. १९९१ च्या करारात दमान्स्की चीनकडे गेलं. १९९७ मध्ये सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात सैन्य मर्यादित ठेवण्याचा करार झाला. उरलेल्या बेटांचा निकाल २००४ मध्ये लागून २००८ मध्ये हस्तांतर पुरं झालं. ज्या बेटासाठी माणसं मेली ते देऊन टाकलं, पण त्या बदल्यात हजारो किलोमीटरची सीमा मोकळी झाली. आजची दोस्ती अमेरिकेविरुद्धच्या समान रागावर उभी आहे हे खरं, पण हा राग आधीही होता. सीमेवरचे रणगाडे हटले नसते तर त्याचा उपयोग झाला नसता, असं माझं मत आहे. चीन आता थोरला भागीदार आहे आणि मॉस्कोला ते गिळावं लागतंय, हेही तितकंच खरं.

तुम्हाला हे पडताळून बघायचं असेल तर भाषणं बाजूला ठेवा आणि फौजांच्या हालचाली बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलारूसमधून कीव्हच्या दिशेने जे सैन्य निघालं, त्यात मोठा भाग रशियाच्या पूर्व लष्करी विभागाचा होता, म्हणजे एकेकाळी चीनवर डोळा ठेवून बसलेल्या मुलखातला. बीजिंगकडे पाठ करून ते खुशाल निघू शकलं. त्याच युद्धामुळे एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला, आणि २०१० मध्ये मोडीत काढलेला लेनिनग्राड लष्करी विभाग रशियाने २०२४ मध्ये पुन्हा उभा केला.